क्योतोचे त्रेचाळीस तास

आटपाडीहून पुण्याला शिकायला गेलेले जे कोणी आयसरच्या ‘परम ब्रह्म’वर किंवा अशाच एखाद्या महासंगणकावर जॉब लावत असतील, त्यांच्यासाठी हा घटनाक्रम. सामायिक साठ्याचे गणित आपल्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. टेंभू सिंचन योजनेच्या पाण्यात वरच्याने जास्त ओढले की टेल कोरडे राहते. महासंगणकावरही एकाने डिस्क भरली की बाकीच्यांचे जॉब पडतात. म्हणून प्रत्येकाला कोटा असतो, फायलींच्या संख्येवर मर्यादा असते आणि जुनी भर वेळोवेळी पुसावी लागते. हे पुसणे रोजचे आणि गरजेचेच. जपानच्या क्योतो विद्यापीठात तेच उलटले.

३ डिसेंबर २०२१, सायं. ५.३२. या क्षणी काहीच घडले नाही. पण यानंतर ज्या फायलीत काही बदल झाला नाही, ती पुढे धोक्यात येणार होती.

१४ डिसेंबर, सायं. ५.३२ (आपल्याकडे दुपारचे २.०२). महासंगणक पुरवणाऱ्या ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझच्या जपानी कंपनीने बॅकअपची स्क्रिप्ट सुधारली होती. दहा दिवसांहून जुन्या लॉग-फायली शोधून पुसणारी ‘फाइंड’ आज्ञा तिच्यात होती. जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच नवी तिच्यावर ठेवली गेली. स्क्रिप्ट चालवणारा ‘बॅश’ हा प्रोग्रॅम सगळी स्क्रिप्ट आधी वाचून घेत नाही, चालता चालता पुढच्या ओळी वाचत जातो. त्यामुळे सुरुवात जुनी आणि उरलेला भाग नवा, असे झाले. नव्या भागातल्या व्हेरिएबलांना किंमतच मिळालेली नव्हती. लॉगच्या फोल्डरचे नाव हवे तिथे रिकामी जागा राहिली आणि पुसण्याची आज्ञा संशोधकांच्या साठ्यावर गेली.

१४ची रात्र, १५चा पूर्ण दिवस. आज्ञा आपले काम चोख करत होती. ताज्या फायली तिच्या नियमात बसत नव्हत्या, म्हणून त्या शाबूत राहिल्या. गेले ते पूर्ण झालेले, बाजूला ठेवलेले काम. मला यातले हेच सर्वांत भयंकर वाटते. संशोधक रोज बदल करतो तो आजच्या फायलीत; महिनोन्‌महिने खपून मिळवलेल्या निकालात तो पुन्हा पुन्हा बदल करत नाही.

१६ डिसेंबर, दुपारी १२.४३. पुसणे थांबले. ४३ तास ११ मिनिटांत सुमारे ७७ टेराबाइट माहिती, सुमारे ३ कोटी ४० लाख फायली गेल्या. फटका १४ संशोधन गटांना बसला.

त्यानंतर. चार गटांची माहिती बॅकअपमधूनही परत आणता आली नाही. कंपनीने पूर्ण जबाबदारी स्वीकारली. विद्यापीठाने बॅकअप थांबवला आणि पुढे केवळ हुबेहूब प्रत न ठेवता दर वेळचे बदल साठवणारा वाढीव (इन्क्रिमेंटल) बॅकअपही ठेवण्याचे जाहीर केले. मूळ साठ्यातून गेलेली फाइल हुबेहूब प्रतीतूनही पुढच्या फेरीत जाऊ शकते, म्हणून हा बदल महत्त्वाचा.

महासंगणकावरची जागा काम करण्यासाठी दिलेली असते, जपून ठेवण्यासाठी नव्हे. तेव्हा आजच आपला कोटा तपासा. जॉब संपला की निकाल दुसऱ्या ठिकाणी उतरवा, ती प्रत उघडते का हे पाहा आणि मगच महासंगणकावरची जागा मोकळी करा.