दूध : रासायनिक घटना व पोषणमूल्य

दूध : प्रसूतीनंतर सस्तन मादीच्या स्तनग्रंथींतून स्रवणारा, नवजात अपत्याच्या पोषणाची तजवीज करणारा पांढरा, अपारदर्शक द्रव. बाह्यतः तो एकजिनसी भासला, तरी रसायनदृष्ट्या ते त्रिविध मिश्रण होय : दुग्धशर्करा व काही क्षार पाण्यात विरघळलेले, केसीन हे प्रथिन कॅल्शियम व फॉस्फेट यांच्यासह कलिलरूपाने विखुरलेले, आणि स्निग्धांश सूक्ष्म गोलकांच्या रूपाने पायसावस्थेत तरंगत असलेला.

घटना : गाईच्या दुधात अदमासे ८७ टक्के पाणी, ३.५ ते ४.५ टक्के स्निग्धांश, ३.३ टक्के प्रथिने, ४.७ टक्के दुग्धशर्करा व ०.७ टक्के खनिजे असतात. म्हशीच्या दुधात पाणी सुमारे ८३ टक्क्यांपर्यंत उतरते आणि स्निग्धांश ७ टक्क्यांच्या आसपास जातो. जात, वेताचा काळ, ऋतू व वैरण यांनुसार हे प्रमाण पालटते. म्हैस चाऱ्यातील कॅरोटिनाचे जवळजवळ संपूर्णपणे अ-जीवनसत्त्वात रूपांतर करते, म्हणून तिचे लोणी पांढरे, तर गाईचे पिवळसर.

प्रथिने : एकूण प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असून बाकीची निवळीतील प्रथिने होत. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.८ असतो; विरजणातील जिवाणू दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल करू लागले व सामू ४.६ च्या सुमारास आला, की केसीनकणांवरील विद्युत्भार नाहीसा होऊन ते एकमेकांना चिकटतात आणि दही लागते. चिकात मात्र रोगप्रतिकारक ग्लोब्युलिने व निवळीतील इतर प्रथिने विपुल असल्यामुळे, कोणतेही आम्ल न घालता केवळ वाफेच्या उष्णतेने ती गोठून खरवस होतो.

परीक्षण : दुधाचे विशिष्ट गुरुत्व साधारणतः १.०२८ ते १.०३२ असते. स्निग्धांश पाण्याहून हलका व उर्वरित घनपदार्थ जड, त्यामुळे मलई काढलेले दूध जड होते आणि त्यात बेताचे पाणी मिसळले की दुग्धमापक पुन्हा निर्दोष आकडा दाखवितो. या एकट्या उपकरणावर विसंबून भेसळ पकडता येत नाही ती याच कारणाने. म्हणूनच महाराष्ट्रात खरेदीदराचा हिशेब ‘फॅट’ व ‘एसएनएफ’, म्हणजे स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ, या दोन्ही निकषांवर मांडण्याचा प्रघात आहे; गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ धरून मुक्रर होतो. स्निग्धांश मोजण्याची गर्बर पद्धत प्रसिद्ध असून तीत गंधकाम्लाने प्रथिने विरघळवून, अमिल अल्कोहोलाच्या साहाय्याने, दूध केंद्रोत्सारी यंत्रात फिरविले जाते व वर आलेल्या स्निग्ध थराची उंची नळीवर वाचली जाते.

म्हशीच्या दुधातील स्निग्धांशाच्या याच विपुलतेचा उपयोग मुंबईत झाला : १९४९ मध्ये स्थापन झालेल्या आरे दुग्धवसाहतीशी निगडित असलेल्या दारा खुरोडी यांनी त्यात पाणी व स्निग्धांशरहित दुधाची भुकटी मिसळून ‘टोन्ड’ दुधाची प्रथा रूढ केली. विद्यमान भारतीय मानकानुसार अशा दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ आवश्यक आहेत.

पोषणमूल्य : गाईच्या १०० ग्रॅम दुधापासून सुमारे ६५, तर म्हशीच्या तेवढ्याच दुधापासून १०० हून अधिक किलोकॅलरी ऊर्जा मिळते. गाईच्या त्याच दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असून फॉस्फरस, रिबोफ्लेविन व ब-१२ जीवनसत्त्व यांचाही पुरवठा होतो. निवळीची पोपटी छटा रिबोफ्लेविनचीच. लॅक्टेज विकराच्या न्यूनतेमुळे अनेक प्रौढांना दूध पचत नाही. दह्यात काही शर्करा खर्ची पडलेली असल्याने व त्यातील जिवाणू उरलेल्या शर्करेच्या पचनास साहाय्य करीत असल्याने ते त्यांना तुलनेने सोसते. दूध पूर्णान्न म्हणून गौरविले जात असले, तरी त्यात लोह व क-जीवनसत्त्व अत्यल्प असतात. म्हणून सहा महिन्यांपुढील बालकाला आणि प्रौढालाही दुधाच्या जोडीला धान्य, डाळी, पालेभाजी व फळे यांची आवश्यकता राहते.