भिंत नसलेला शत्रु

पुण्याच्या शनिवार पेठेंतून नवा पूल ओलांडून शिवाजीनगरांत गेलें म्हणजे थोड्याच अंतरावर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या जुन्या इमारती लागतात. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत या संस्थेला सायन्स कॉलेज म्हणत. तेथेंच १८८९ सालीं ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. शेतकऱ्यांचे गोठे ओस पाडणाऱ्या सांथींचीं कारणें शोधणें हें तिचें काम. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. परंतु भरवस्तीजवळ सांथीचे जंतु बाळगणें धोक्याचें. म्हणून १८९३ सालीं ती हिमालयांतील मुक्तेश्वरास हलविण्यांत आली.

त्या काळीं गुरांचा मुख्य वैरी बुळकांडी. पण दुसरा एक वैरी जगभर तितकाच गूढ होता. तो म्हणजे गुरांचा सांसर्गिक फुप्फुसदाह. जनावर मान ताणून, पुढचे पाय फांकवून श्वासासाठीं तडफडे. बेल्जियमच्या विलेम्स या वैद्यानें १८५२ सालीं रोगी फुप्फुसांतील रस निरोगी गुरांच्या शेपटींत टोंचून संरक्षणाचा उपाय काढला. मात्र रोगाचा कर्ता कोण, हें कोणासच ठाऊक नव्हतें. १८९८ सालीं पॅरिसमध्यें नोकार व रू यांनीं या जंतूची पहिली वाढ करून दाखविली. आज त्याच्या साऱ्या कुळास मायकोप्लाझ्मा म्हणतात.

या कुळाचें वैशिष्ट्य असें कीं, त्याला भिंतच नाहीं. शनिवारवाड्यास तट आहे, तशी बहुतेक जंतूंभोंवतीं कठीण भिंत असते आणि पेनिसिलिन त्या भिंतीच्या बांधकामावरच घाला घालतें. मायकोप्लाझ्माभोंवतीं केवळ एक मऊ पटल असतें. तेव्हां पेनिसिलिन त्याच्यापुढें निरुपयोगी ठरतें. जगाशीं त्याचा सारा व्यवहार चालतो तो या पटलावरील प्रथिनांच्या द्वारें. माणसाला न्यूमोनिया आणणाऱ्या जातीचें ‘पी-१’ हें प्रथिन श्वासनलिकेच्या पेशींना घट्ट चिकटतें. गुरांना पीडणाऱ्या दुसऱ्या एका जातीचीं पृष्ठप्रथिनें तर पोशाखाप्रमाणें बदलत राहतात; शरीरानें एका वेषाची ओळख पटवावी, तों जंतु दुसऱ्या वेषांत उभा!

याहूनही नवल २०१६ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. शेळ्यांना ग्रासणाऱ्या, फुप्फुसदाहाच्या जंतूच्या अगदीं जवळच्या जातींत त्यांना प्रथिनांची एक जोडी आढळली. शरीरानें सोडलेलें प्रतिद्रव्य येऊन भिडलें कीं, एक प्रथिन त्याला धरून ठेवतें आणि दुसरें त्याचा तुकडा पाडतें. पहारेकऱ्याची तलवार धरावी आणि तिथेंच मोडावी, तसा हा प्रकार.

अशा शत्रूविरुद्ध लस करणें सोपें नाहीं. फुप्फुसदाहावरील प्रचलित लस जिवंत, दुबळ्या केलेल्या जंतूंची. तिचें संरक्षण सुमारें एक वर्षच टिकतें. आफ्रिकेंतील अनेक देशांत हा रोग आजही शेतकऱ्याचें धन हिरावून नेतो. भारत मात्र २००७ सालीं आंतरराष्ट्रीय पशुआरोग्य संघटनेच्या मान्यतेनें त्यांतून मुक्त ठरला. पुण्यांत जन्मलेली ती प्रयोगशाळा आज भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, आणि बुळकांडी तर २०११ सालीं साऱ्या पृथ्वीवरूनच नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. भिंत नसलेला शत्रु अद्याप शिल्लक आहे.