गुळाचा रवा, कंदिलाची काच



गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता पाक वाफ्यात ओततात आणि मग तो ढवळत राहतात. बघता बघता चकचकीत पाक गढूळ होतो, घट्ट होतो, रवा धरतो. याउलट चिक्की. तिथे पाक आणखी कडक करायचा आणि फार ढवळत न बसता झटपट लाटायचा. खाली येते ती पारदर्शक, टणक, कट्कन मोडणारी वडी. "काचेसारखी" ही इथे नुसती उपमा नाही बरं का! शास्त्राच्या भाषेतही चिक्कीतला पाक ही काचच. रेणू थिजलेत, पण ओळीत बसायला वेळच मिळालेला नाही.

मग प्रश्न असा, की ढवळून, हलवून गुळाला रवा येतो, तर खऱ्याखुऱ्या काचेला का नाही येत?

गंमत म्हणजे या प्रश्नाची दोन्ही टोकं एकाच संस्थानात सापडतात. औंध संस्थान. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला, ती आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर सगळ्यांना माहीत असतो, पण तिथे उसाचे चरकही बनत. म्हणजे गुळाची सुरुवातच! सहा वर्षांनी, १९१६ साली, त्याच संस्थानच्या हद्दीत, पण कराडजवळ (आजचा सातारा जिल्हा), ओगले बंधूंनी काच कारखाना उभा केला. तीच ओगलेवाडी, प्रभाकर कंदिलाची. एका वाडीतलं यंत्र जिथे पोचायचं तिथे रवा हवा असायचा, दुसऱ्या वाडीत तो अजिबात नको असायचा.

आधी गुळाकडे. साधारण ११८ अंश सेल्सिअसला पाक तयार होतो. गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकतो, बोटांनी गोळी करून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. थंड होताना पाकात साखर मावेल त्यापेक्षा जास्त असते, पण रवा सुरू व्हायला आधी एक बारीकसं बीज लागतं. ढवळल्याने दोन गोष्टी होतात. रेणू एकमेकांपर्यंत पटापट पोचतात, आणि तयार झालेले कण मोडून त्यांच्या तुकड्यांची नवी बीजं होतात. म्हणून ढवळलेल्या गुळाला बारीक रवा. खडीसाखरेत उलट, पाकात दोरा सोडायचा आणि भांड्याला हात लावायचा नाही. मग थोडे पण मोठे खडे. शिळ्या उसाच्या रसात साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज झालेलं असतं, ते रव्याच्या आड येतं आणि मग कितीही ढवळा, गूळ चिकटच!

युरोपात हीच गोष्ट पाण्याच्या निमित्ताने कागदावर आली. फॅरनहाइटने (हो, थर्मामीटरवाला) १७२४ मध्ये लिहून ठेवलं, की गोठणबिंदूच्या खाली जाऊनही पाणी शांत असेल तर पातळ राहतं, आणि धक्का बसला की एकदम बर्फ धरतं. आपले गुळव्ये हे हाताने करत होते, फक्त पेपर कुणी लिहिला नाही.

आता ओगलेवाडी. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत १४०० अंशांच्या वर वितळवतात. तो रस थंड होताना ढोबळमानाने १००० ते ७०० अंशांच्या टप्प्यात फार वेळ रेंगाळला, तर काचेत रवे पडतात. रवा आणि काच सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. वात पेटवली, चिमणी तापली की अशा जागी ती तडकायची. इथे पणाला लागलेली गोष्ट लहान नव्हती. त्याआधी १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता, तोही लोकांनी एकेक पैसा देऊन. स्वदेशी काच तडकली तर लोक काय म्हणणार, सांगायला नकोच.

पण यात हलवण्याचा भाग किती? जवळजवळ शून्य. काच थंड होताना इतक्या झपाट्याने घट्ट होते, की रेणूंना जागचं हलताच येत नाही. पाकात ढवळणं म्हणजे माणसांना एकत्र येण्याची संधी देणं. थंड काचेत सगळे खांद्याला खांदा लावून अडकलेले, बाहेरून कितीही ढकला, रांग लागणार नाही. म्हणून काचेच्या कारागिराचा सगळा भर तापमान आणि वेळ यांवर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने याच सातारा जिल्ह्यात घरंच्या घरं पाडली. अशा हादऱ्याने काच फुटते, पण तिचे रवे होत नाहीत.

मग कंपनांनी काचेला रवा येतच नाही का? येतो, पण दोन्हींच्या सीमेवर. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी पॅलेडियमच्या धातू-काचेला, ती मऊ पडू लागते त्या तापमानाच्या आसपास, अल्ट्रासाउंड दिला. रवे लवकर धरले! म्हणजे रेणूंना थोडीफार हालचाल जमत असेल, तरच धक्क्याचा उपयोग. धक्का रचना तयार करत नाही, तो फक्त तयारीत असलेल्याला घाई करतो.

हे "आता ढवळ, आता थांब" गुळव्याला बरोबर कळतं. ते बहुतेक तोंडीच चालत आलं, आणि गुऱ्हाळं कमी होतायत तसं तेही कमी होतंय. ओगल्यांचा कारखानाही पुढे बंद पडला, नाव तेवढं गावाला राहिलं.

असो. आजोळी माळ्यावर एखादा जुना प्रभाकर कंदील पडला असेल, तर त्याची काच पुसून उजेडात धरा. बैलगाडीतून, एसटीतून, कुठून कुठून हादरे खात ती आली असेल. इतक्या वर्षांनीही आरपार दिसेल.