ग्राहकाचा कान आणि इतिहास

ध्वनिमुद्रिकांचा इतिहास जसा कलावंत घडवितो, तसाच चोखंदळ ग्राहकही घडवितो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीच्या तीन विद्युत्-वाद्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजविले. एच.एम.व्ही.ने काढलेली ती तबकडी फारशी खपली नाही. लोक तिला विसरले. २००२ साली एका डच संग्राहकाला ती दिल्लीतील दुकानात सापडली. २०१० साली त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली.

शिकागोतील ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताचा आरंभ १९८७ च्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’पासून मानतात. त्यातही सिंग यांचेच टीबी-३०३ हे यंत्र होते. तेव्हा कित्येक रसिकांनी सिंगांना त्या पंथाचे जनक ठरविले. परंतु श्रोतेहो, आधी झाले म्हणून त्यातूनच पुढचे झाले, असे होत नाही. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही.

सिंग २०१५ साली वारले. तत्पूर्वी, सत्तरीनंतर, त्यांना युरोपात मैफली लाभल्या. हे त्या ग्राहकाच्या कानाचे ऋण. यंत्राच्या घसरत्या स्वरांत त्यांनी मींड ओळखली, एवढे कर्तृत्व पुरेसे आहे. उसने पितृत्व कशाला?