पदवीधर आणि पलटण

मंडळी, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयातून बी. ए. झालेला एक मुलगा आईला घेऊन माझ्या घरी आला. घरची तीन एकर कोरडवाहू. पोरगा छात्रसेनेत नेमाने घाम गाळलेला, परीक्षा उतरून डेहराडूनला दाखल झालेला, आणि त्या वेळी सुट्टीवर होता. शिक्षण संपत आले की कोणत्या शाखेत जायचे याची पसंती लिहून द्यावी लागते. तो म्हणाला, "सर, काय लिहू? पायदळ, तोफखाना, इंजिनिअर्स?" आई मधेच म्हणाली, "ज्यात धोका कमी, तेच लिहायला सांगा, सर."

मी इतिहास शिकवतो. पण त्या माउलीला द्यायला उत्तर चटकन सापडेना. मग जे ठाऊक होते तेच सांगू लागलो. ते आज तुम्हालाही सांगतो.

पसंतीचा हा रकाना आपल्याला फुकट मिळालेला नाही. इंग्रजी अमलात आपला माणूस कितीही पराक्रमी असला तरी सुभेदार-मेजर झाला की त्याची शिडी संपे. पहिल्या महायुद्धात हजारो हिंदी शिपाई कामी आले, तेव्हा कोठे सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवण्यात आल्या. दहा! साऱ्या देशातून!

आणि तेथून बाहेर पडलेल्याला तरी निवड होती का? 1923 साली सरकारने ठरवले की हिंदी अधिकारी फक्त आठ ठरावीक पलटणींत जातील. दोन घोडदळाच्या, सहा पायदळाच्या. मराठा पलटणींपैकी एक त्यात होती. यामागचे खरे कारण एवढेच, की गोऱ्या अधिकाऱ्याला काळ्या अधिकाऱ्याच्या हुकमाखाली राहावे लागू नये. तोफखाना, इंजिनिअर्स, विमानदळ यांची दारे बंदच होती. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात 1926 साली सँडहर्स्टहून बाहेर पडले, ते ज्या पंजाब पलटणीत गेले ती याच आठांपैकी. पुढे 1945 साली ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत त्यांनी आपली पलटण अशी लढवली की हिंदी माणसाला नेतृत्व जमेल का, हा प्रश्नच उरला नाही.

ही दारे एकेक करून उघडावी लागली. 1926 च्या स्कीन समितीने सर्व शाखा हिंदी तरुणांना खुल्या करा, असे सुचवले. 1932 साली डेहराडूनची अकादमी निघाली. पहिल्या तुकडीत चाळीस जण होते, आणि त्यांतच पुढचे फील्ड मार्शल माणेकशा. त्याच वर्षी हिंदी विमानदळ जन्मले. 1935 साली तोफखान्यात हिंदी तुकडी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात अधिकारी कमी पडू लागले, तेव्हा आठ पलटणींचे कुंपण पार मोडून पडले.

पदवीधरांची मोठी लाट आली ती 1962 च्या चिनी आक्रमणानंतर. आणीबाणीतील कमिशन म्हणून थोड्या मुदतीचे शिक्षण देऊन तरुण अधिकारी घेतले. त्यासाठी 1963 साली मद्रासला शाळा निघाली, पुण्यालाही निघाली. यांपैकी कित्येक जण 1965 च्या युद्धात लढले. पण कमिशन कायमचे नव्हते. युद्ध सरले, आणि ऐन उमेदीत अनेकांना गणवेश उतरवून दुसरी वाट शोधावी लागली. म्हणून आजच्या मुलांना माझे सांगणे असे, की शाखा कोणती हे विचाराल तसे कमिशन किती वर्षांचे हेही आधी विचारा.

आता त्या आईचा प्रश्न. धोका कोठे कमी?

कारवारकडचे रामा राघोबा राणे बाँबे सॅपर्सचे. म्हणजे रस्ते, पूल, सुरुंग यांचे काम. लोकांना वाटते, हे मागे राहून काम करणारे. पण एप्रिल 1948 मध्ये नौशेरा ते राजौरी या वाटेवर रणगाड्यांना पुढे जायचे होते आणि रस्ता सुरुंगांनी व पाडलेल्या झाडांनी अडवलेला होता. अशा वेळी रणगाड्याच्याही पुढे कोण असतो? सुरुंग काढणारा! राणे जखमी झाले, पट्टी बांधून पुन्हा कामाला लागले, आणि दिवसामागून दिवस गोळीबारात रस्ता मोकळा करत गेले. परमवीर चक्र मिळाले ते याच कामाला.

आता रणगाड्याचे पाहा. बाहेरून पोलादी किल्लाच. पण 1965 साली असल उत्तरच्या रणांगणावर अरुणकुमार वैद्य यांच्या डेक्कन हॉर्सने जुन्या शर्मन रणगाड्यांनिशी नव्या पॅटनशी झुंज घेतली. तेथे पोलादापेक्षा डोके आणि धीर कामी आला.

मी म्हणालो, "ताई, धोका शाखा पाहून येत नाही. मुलाचा कल कशात आहे, एवढेच आपल्याला पाहता येते. ज्याला माणसांत राहायला आवडते, त्याला पायदळ मानवेल. गणिताची गोडी असेल त्याला तोफखाना."

बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याचं त्यालाच ठरवू द्यायचं."

गुरुजनहो, यात आपलेही काम आहे. खडकीला सॅपर्स, देवळालीला तोफखाना, अहिल्यानगरला रणगाडे, बेळगावला मराठा पलटण, लोणावळ्याला नौदलाचे इंजिनिअर. हे सारे आपल्याच आसपास आहे, आणि आपल्या मुलांना त्याचा पत्ता नसतो. अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय तरी सहलीत दाखवा. मुलींनाही न्या. 1992 पासून वैद्यकीय सेवेबाहेरच्या काही शाखांतही त्यांना अधिकारी होण्याची वाट खुली झाली, आणि 2023 साली तोफखान्याचे दारही त्यांना उघडले. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या पणजोबांनाही ते बंदच होते.

त्या मुलाने पहिली पसंती पायदळ लिहिली. पण शाखा ठरते ती पसंती, गुणांचा क्रमांक आणि रिकाम्या जागा, तिन्ही पाहून. त्याला तोफखाना मिळाला. थोडा हिरमुसला, मग रमला. परवा बाजारात त्याची आई भेटली. आता धोक्याचे तिने काही विचारले नाही. म्हणाली, "सर, पुढच्या शिक्षणाला त्याला देवळालीला पाठवणार म्हणे. नाशिकजवळच ना ते? एका एस. टी. त जाऊन येता येईल."