सप्तकोनाची सातवी बाजू : शालेय रेखाकला आणि गणित यांच्या संबंधाचा ऐतिहासिक विचार

नागपूरच्या माध्यमिक शाळांतील विद्यार्थी एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात, तेव्हा त्यांना कर्तव्यभूमितीची प्रश्नपत्रिका सोडवावी लागते. तीच पट्टी आणि तोच कंपास गणिताच्या पुस्तकातील ‘भौमितिक रचना’ या प्रकरणातही लागतो. तथापि या दोन तासांची गाठ सहसा पडत नाही. या दुराव्याचे मूळ इतिहासात आहे.

हेन्री कोल व रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी 1850 च्या दशकात लंडनमध्ये आखलेल्या कलाशिक्षणक्रमाचा आरंभ उपकरणांनी काढावयाच्या रेखाकृतींपासून होत असे. हातास वळण लावणे हा त्याचा हेतू होता. उपपत्ती सांगणे हा नव्हे. 1857 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही हे वळण रुजले. पुढे 1872 ते 1885 या काळात त्याच संस्थेतील जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांबरोबर छतांवरील नक्षीच्याही प्रतिकृती करीत होते. शालेय कर्तव्यभूमिती मात्र कोरड्या आकृत्यांचीच राहिली.

सप्तकोनाचे उदाहरण घेऊ. वर्तुळाच्या व्यासाचे सात समान भाग करावयाचे, व्यासाच्या दोन्ही टोकांपासून व्यासाएवढ्या त्रिज्येचे कंस काढावयाचे आणि त्यांच्या छेदनबिंदूतून दुसऱ्या भागबिंदूवरून पलीकडच्या परिघापर्यंत रेषा न्यावयाची. तेथे पहिली बाजू निश्चित होते. केंद्राशी 51.43 अंशांचा कोन हवा असतो, मिळतो 51.52 अंशांचा. सहा बाजू घेतल्यावर सातवीचा कोन अपेक्षेपेक्षा अर्ध्या अंशाहून किंचित अधिक कमी भरतो. 4 सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात ही तूट सुमारे 0.4 मिमी, म्हणजे पेन्सिलीच्या रेषेत सहज लपणारी! केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने अचूक सप्तकोन काढताच येत नाही, हे पिएर वांत्झेल यांच्या 1837 च्या सिद्धतेवरून निष्पन्न होते. चित्रकलेच्या तासाला हे सांगितले जात नाही आणि गणिताच्या तासाला सप्तकोन काढला जात नाही.

वस्तुतः आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने 1525 मध्ये चित्रकार व कारागीर यांच्यासाठी लिहिलेल्या भूमितीच्या ग्रंथात सिद्ध रचना आणि व्यवहारापुरती रचना असा भेद केला होता. तेव्हा कलेतिहासाचा हा धागा वर्गात आणण्यास निराळ्या विषयाची आवश्यकता नाही. दोन्ही शिक्षकांनी एक जोडतास घ्यावा, विद्यार्थ्यांकडून मोठ्या कागदावर सप्तकोन काढवून घ्यावा आणि सातवी बाजू मोजावयास लावावी. 51.52 हा आकडा कोठून आला, हे दहावीच्या वर्गसमीकरणाने व त्रिकोणमितीने त्यांना स्वतःच काढता येते.