अर्धस्वयंचलित शिकारी बंदूक आणि अमेरिकेतील पक्षिसंरक्षण

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शिकाऱ्याच्या हाती आलेल्या नव्या बंदुकीने शिकारीची क्षमता वाढविली. त्याचबरोबर शिकारीसाठी पक्षी उरतील काय, हा प्रश्नही तीव्र केला. जॉन ब्राउनिंग यांना अर्धस्वयंचलित छऱ्याच्या बंदुकीचे पेटंट १९०० मध्ये मिळाले. विंचेस्टर कंपनीशी बोलणी फिसकटल्यावर बेल्जियममधील एफ. एन. कारखान्याने तिचे उत्पादन हाती घेतले. बार उडताच नळी मागे सरके, रिकामे काडतूस बाहेर पडे व नवे आत येई. अशा प्रकारे पाच बार लागोपाठ काढता येत.

१९१८ च्या कायद्याने स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण मिळाले. १९३५ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनच काडतुसे भरण्याचे बंधन आले. १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या पुनर्वसनासाठी राखण्यात आले. रानटर्कीच्या पुनरुज्जीवनास त्याचे साहाय्य झाले. पाणथळीतील शिशाचे छर्रे गिळून पक्ष्यांना विषबाधा होत असल्याने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत त्यांवर देशभर बंदी आली. पर्यायी पोलादी छर्रे कठीण असल्याने अनेक जुन्या नळ्या निरुपयोगी ठरल्या.

बदकांसाठी चिखलपाण्यात न अडखळणारी यंत्रणा व टर्कीसाठी छर्रे एकवटणारी नळी, हे निवडीचे निकष शिकाऱ्यांनी ठरविले. बारांची संख्या व छऱ्यांचा धातू मात्र पक्ष्यांच्या अस्तित्वाच्या प्रश्नाने ठरविला.